पंचवीसची गोळी



मागच्या पावसाळ्यात एक काकू सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६३. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, ही तक्रार. मी चालू औषधं दाखवायला सांगितली, तेव्हा त्यांनी पिशवीतून स्टीलचा चपटा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. बीपीची गोळी, शुगरच्या दोन, थायरॉईडची, कॅल्शियम, पोट साफ होण्याची पुडी. आणि कात्रीनं कापलेली एक पट्टी. चारच गोळ्या उरलेल्या, नावाचा बराचसा भाग कापण्यात गेलेला.

"ही कसली?" मी विचारलं.

"ती होय, ती झोपेची. हलकी आहे, पंचवीसची. सवय नाही लागत तिची."

पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मागच्या चंदेरी कागदावर शेवटची अक्षरं शिल्लक होती, '-टियापीन'. म्हणजे क्वेटियापीन. हे झोपेचं औषध नाही. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, सगळं जग आपल्यावर टपलंय असं ज्यांना वाटतं, ज्यांचं मन उन्मादात किंवा खोल नैराश्यात जातं, त्यांच्यासाठी हे औषध आहे. या जातीच्या औषधांना अँटिसायकॉटिक म्हणतात. काकूंना यातलं काहीही कधीच नव्हतं. मुलाच्या लग्नाच्या धावपळीत त्यांची झोप उडाली, तेव्हा कुणीतरी १५ दिवसांसाठी ही गोळी लिहून दिली होती. त्या १५ दिवसांची आता ४ वर्षं झाली होती.

आज या विषयावर बोलायचं मी ठरवलं, त्याला ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते अण्णाच कारण आहेत. २७ वर्षांपूर्वी मी या गावात मानसोपचाराचा दवाखाना थाटला तो अण्णांच्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. माझी चिठ्ठी खाली गेली, की कधी कधी पाच मिनिटांत ती अण्णांच्या हातातून वर परत यायची. चष्मा कपाळावर सरकवून ते दारातच उभे राहायचे. "डॉक्टर, किती दिवस ते लिहिलं नाहीत." मला तेव्हा राग यायचा. बाहेर पेशंट खोळंबलेले असायचे. पण अण्णा हलायचे नाहीत. मग ते खाली जाऊन प्रत्येक पाकिटावर बॉलपेननं दोन गोष्टी लिहायचे, कशासाठी आणि किती दिवस. 'डोक्यातल्या आवाजासाठी, डॉक्टर सांगतील तोवर.' 'झोपेसाठी, १० दिवस, २० तारखेला बंद.' अकराव्या दिवशी तीच चिठ्ठी घेऊन कुणी आलं, तर अण्णा गोळी द्यायचे नाहीत, वर पाठवायचे.

काकूंच्या पट्टीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. काय बिघडलं, ते याच दोन गोष्टींपाशी बिघडलं.

अँटिसायकॉटिक औषधांचा जन्म कसा झाला, ते आधी सांगते, कारण झोपेचा आणि त्यांचा संबंध जन्मापासूनचा आहे. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीत पॉल शार्पांतिये या रसायनतज्ज्ञानं क्लोरप्रोमाझिन तयार केलं. ते ॲलर्जीवरच्या औषधांच्या कुळातलं. त्या कुळातली औषधं घेतली की माणसाला झापड येते, हे माहीत होतं. आरमारातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी ऑपरेशनच्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी अशाच औषधाच्या शोधात होते. क्लोरप्रोमाझिन दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण आजूबाजूच्या गोष्टींचं त्याला फारसं काही वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं बोलू लागली, घरी जाऊ लागली. मनोविकारांच्या उपचारांत त्याआधीचं आणि नंतरचं असे दोन काळ पडतात, ते या औषधामुळे. मी या औषधांच्या विरोधात बोलते आहे, असं कुणीही समजू नये. ज्यांना ती लागतात, त्यांच्या संसाराचा तो आधार आहे. या सभागृहात अशी कुटुंबं बसली आहेत. त्यांना मी आत्ताच सांगून ठेवते: आजचं ऐकून घरी जाऊन कुणाचीही गोळी बंद करू नका.

आपल्याकडेही एक गोष्ट घडली होती. सर्पगंधेचं मूळ बिहारमध्ये 'पागल की दवा' म्हणून ओळखलं जायचं. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गरीब घरांत ते मूळ आणखी एका कामासाठी वापरलं जायचं. मुलांना झोपवायला. वेडावरचं औषध झोपेसाठी द्यायचं, ही युक्ती काही आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी देऊन जायच्या, तीही आठवावी. त्या आयांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. पाळणाघर नव्हतं, भोंगा झाला की निघावंच लागायचं. पण झोप नेमकी कुणाला हवी होती, बाळाला की बाळाभोवतीच्या जगाला, हा प्रश्न मला आजही माझ्या खोलीत रोज विचारावा लागतो. वयस्कर माणसासाठी गोळी मागायला मुलगा येतो किंवा सून येते. तेच थकलेले असतात. रात्री तीन वेळा उठावं लागतं, सकाळी सहाला डबा करावा लागतो. त्यांची दमणूक खरी असते. पण त्यांच्या दमणुकीवरचं औषध आजीच्या तोंडात घातलं जातं.

आता क्वेटियापीन. अमेरिकेत १९९७ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी त्याला परवानगी मिळाली. त्या आजारात दिवसाला सहसा ३०० ते ८०० मिलिग्रॅम लागतं. मग २५ मिलिग्रॅममध्ये काय होतं? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी असतात. त्या हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडून बाकीच्या मेंदूला जागं ठेवतात. क्वेटियापीनची सगळ्यात जास्त ओढ या हिस्टामिनच्या जागांकडे असते. थोड्या मात्रेतच ते त्या अडवतं आणि माणसाला गुंगी येते. भास-भ्रमांवर काम करायचं तर डोपामिनच्या जागा अडवाव्या लागतात, त्याला मात्रा खूप जास्त लागते. म्हणजे पंचवीसची गोळी घेणारा माणूस झोपेपुरता सर्दीच्या जुन्या गोळीसारखंच काहीतरी घेत असतो. त्या जुन्या गोळ्यांची गुंगी काही दिवसांतच ओसरते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पहिल्या दिवशी झापड येते, आठवड्यानं काही वाटत नाही. काकूंचंही तेच झालं. पहिला महिना छान झोप लागली. मग पंचवीसची पन्नास झाली, आणि पुन्हा पंचवीस, कारण पन्नासनं सकाळी तोल जायचा.

पण ते औषध तेवढ्यावरच थांबत नाही. हिस्टामिनचा तोच अडथळा भूकही चाळवतो. झोप आणि भूक एकाच दारानं आत येतात म्हणा ना. शिवाय रक्तवाहिन्या आखडून धरणाऱ्या जागाही ते अडवतं. त्यामुळे अंथरुणातून उठताना रक्तदाब झपकन खाली जातो.

ही गोळी एवढी पसरली कशी? माझा अंदाज सांगते. माझ्या आधीच्या पिढीत झोपेसाठी सर्रास अल्प्राझोलम दिलं जायचं. त्याची सवय लागते, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम अशी औषधं शेड्यूल एच-वन या यादीत गेली. दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. नियम चांगला आहे. पण क्वेटियापीन आणि त्याच्याच जातीचं ओलान्झपीन त्या यादीत नाहीत. त्यांची सवय त्या अर्थानं लागत नाही, नशा होत नाही, पाकिटावरच्या लाल चौकटीची भीती नाही. मग लिहिणाऱ्या डॉक्टरला ती सोपी वाटतात. मीही लिहिली आहेत. 'सवयीची नाही ना?' असं पेशंटनं विचारलं, की मी मोकळ्या मनानं 'नाही' म्हणायचे. ते उत्तर अर्धंच होतं. सवय लागत नाही, पण गोळी अचानक सोडली तर दोन-तीन रात्री आधीपेक्षा वाईट जातात, मळमळतं, जीव घाबरा होतो. मग पेशंट म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही.' सवय आणि हे, यातला फरक पहाटे तीनला टक्क जागं असलेल्या माणसाला कसा कळावा?

कंपन्यांचाही यात हात होता, हे नोंदवलं पाहिजे. ज्या त्रासांसाठी क्वेटियापीनला मंजुरी नव्हती त्यांच्यासाठीही ते खपवलं, असा आरोप अमेरिकी सरकारनं ते बनवणाऱ्या एस्ट्राझेनेकावर ठेवला. त्यात निद्रानाशही होता. कंपनीनं आरोप मान्य केले नाहीत, पण २०१० मध्ये ५२ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

आणि पुरावा? भास-भ्रम नसलेल्या, निव्वळ झोप न लागणाऱ्या माणसांना २५ मिलिग्रॅम क्वेटियापीन देऊन थायलंडमध्ये एक चाचणी झाली, ती २०१० मध्ये छापली गेली. अवघी १३ माणसं, २ आठवडे. गोळी घेणारे थोडे बरे झोपले, पण साध्या पिठाच्या गोळीपेक्षा नक्की फरक आहे असं म्हणण्याइतकं काही निघालं नाही. एवढ्या लहान चाचणीवरून गोळी निरुपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. पण जी गोळी लाखो लोक रोज घेतात, तिच्यामागचा पुरावा एवढासा आहे. २०१३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं आपल्याच सदस्यांना बजावलं, की प्रौढांच्या निद्रानाशावर पहिला इलाज म्हणून अँटिसायकॉटिक सरसकट लिहू नका.

मी मघाशी भुकेबद्दल बोलले. त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच देशातलं आहे, आणि ते एका चांगल्या कामातलं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये कॅन्सरचे १२४ रुग्ण निवडले, ज्यांचं केमोथेरपीत खाणं सुटतं असे. निम्म्यांना रोज २.५ मिलिग्रॅम ओलान्झपीन दिलं, निम्म्यांना पिठाची गोळी. १२ आठवड्यांनी ओलान्झपीनवाल्यांत १०० पैकी ६० जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं होतं, दुसऱ्या गटात १०० पैकी ९ जणांचं. २०२३ मध्ये हे छापून आलं तेव्हा मला खूप आनंद झाला. अन्न समोर आलं की तोंड फिरवणारी माणसं जेवू लागली. मुंबईच्या टाटा मेमोरियलनंही दाखवून दिलं, की केमोच्या उलट्यांवर १० मिलिग्रॅमऐवजी २.५ पुरतं आणि दिवसाची गुंगी कमी राहते. म्हणजे हे औषध गुणी आहे. पण जी अडीचची गोळी कॅन्सरच्या रुग्णाचं वजन तीन महिन्यांत वाढवते, तीच गोळी आपण शुगर काठावर असलेल्या, हलणं-फिरणं कमी झालेल्या ५५ वर्षांच्या बाईला 'हलकी' म्हणून देतो. औषध किती मिलिग्रॅम यावर त्याचं हलकेपण मोजायचं नसतं.

काकूंचं ४ वर्षांत ९ किलो वजन वाढलं होतं. शुगर निघाली ती या चार वर्षांतच. सगळं त्या गोळीनंच केलं, असं मी म्हणणार नाही. वय आहे, घराण्यात मधुमेह आहे. पण अँटिसायकॉटिक सुरू केलं तर आधी वजन, कंबर, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल बघावं, मग वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, आणि शुगर ३ महिन्यांनी, असं अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मनोविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २००४ मध्येच मिळून सांगितलं होतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचं हे सगळं मी करते. झोपेच्या गोळीवाल्याचं कुणीच करत नाही. तो मनोरुग्ण नाही, त्याच्या कागदावर 'अँटिसायकॉटिक' असा शब्दच नाही. घरचे 'झोपेची' म्हणतात, आणि पुढचा डॉक्टरही तेच ऐकतो. शुगरचा डॉक्टर शुगरची गोळी वाढवतो. पोट साफ होत नाही म्हणून पुडी येते, कारण बद्धकोष्ठ हाही याच गोळीचा एक परिणाम. खोकला झाला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन देतं. ते यकृतात क्वेटियापीनचा निचरा रोखून धरतं, आणि पंचवीसची गोळी कितीतरी मोठी होते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या आजोबांचं बीपी आधीच उठताना खाली जातं, त्यात हिची भर. डबा भरत जातो.

इथे थोडं बाजूला जाते. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये रेबिप्राझोलच्या जोडीला लेव्होसुल्पिराइड असतं. तेही याच कुळातलं. महिनोन्‌महिने ती कॅप्सूल घेणाऱ्या वृद्धांचे हात थरथरायला लागतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, आणि 'पार्किन्सन झालाय का बघा' म्हणून ते येतात. कॅप्सूल बंद केली की त्यातले बरेच जण काही महिन्यांत सुधारतात. घरात अशी कॅप्सूल असेल तर पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

काकूंकडे परत येते. मी त्यांना विचारलं, "झोप लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" चार वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, "पाय चाळवतात. आतून काहीतरी वळवळतं. हलवले की बरं वाटतं, ठेवले की पुन्हा. उठून ओट्यापर्यंत फेऱ्या मारते." सून म्हणाली, "मला वाटायचं, आईंना उगाच फिरायची सवय आहे."

ही पायांची तक्रार हा एक आजार आहे, आणि त्याचं एक मोठं कारण शरीरात लोह कमी असणं हे आहे. आपल्या बायकांत ते किती कमी असतं, ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. काकूंचं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन अगदी तळाला. आणि क्वेटियापीननं पायांची ही वळवळ वाढते. म्हणजे जी गोळी झोपेसाठी चालली होती, तीच रात्री त्यांना अंथरुणातून उठवून ओट्यापर्यंत नेत होती. लोह सुरू केलं, गोळी दोन महिन्यांत पायरीपायरीनं कमी करून बंद केली. दिवाळीनंतर आल्या तेव्हा पाय शांत होते. झोप साडेपाच तास. वजन अजून तेवढंच आहे. ते उतरायला वेळ लागेल.

दुसरी हकीकत माझ्या घरची आहे, आणि ती सांगणं मला सोपं नाही.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. वय ७९. दुसऱ्या रात्री ती आयसीयूत घाबरली. छतावरून मुंग्या उतरतायत म्हणाली, वारलेल्या भावाला हाका मारू लागली, सलाईन उपटलं. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं, त्याला डिलिरियम म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी रात्री क्वेटियापीन सुरू केलं. त्या वेळी ते योग्यच होतं, मीही तेच केलं असतं. चार दिवसांत आई भानावर आली. डिस्चार्ज कार्डावर ११ औषधं होती, नवव्या क्रमांकावर क्वेटियापीन, 'रात्री झोपताना १', आणि शेवटी सगळ्यांना मिळून एक ओळ, 'पुढे चालू'.

मी मानसोपचारतज्ज्ञ. ते कार्ड मी वाचलं होतं. डिलिरियम संपला की ती गोळी थांबवायची असते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी पाच महिने मी ती थांबवली नाही. आई रात्रभर शांत झोपायची, आणि दिवसभराच्या ओपीडीनंतर मीही झोपायचे. हेच खरं कारण होतं. पाचव्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास ती बाथरूमला उठली. मला भांड्याचा आवाज आला. ती मोरीच्या उंबऱ्याशी पडलेली, मनगट वाकडं, आणि मला बघून पहिलं वाक्य, "तू कशाला उठलीस." ऑर्थोपेडिकवाल्यांनी विचारलं, चालू औषधं काय? मी सगळी सांगितली. क्वेटियापीनचं नाव घेताना माझा आवाज बसला होता.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही औषधं किती जपून द्यायची, त्याचा एक आकडा माझ्या मनात पक्का बसला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एकत्र करून पाहिल्या आणि एप्रिल २००५ मध्ये इशारा दिला. सुमारे १० आठवड्यांत, ही औषधं घेणाऱ्यांत शंभरामागे साडेचार मृत्यू झाले होते, पिठाची गोळी घेणाऱ्यांत अडीचच्या आसपास. त्या चाचण्या आजारी माणसांवरच्या होत्या. माझ्या आईला स्मृतिभ्रंश नव्हता. पण घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असेल आणि 'रात्री त्रास देतात' म्हणून ही गोळी सुरू झाली असेल, तर डॉक्टरांना भेटून तिचा हिशेब जरूर विचारा. कधी ती लागते. माणूस इतकं घाबरतं, मारतं, की दुसरा उपाय नसतो. तेव्हाही सर्वांत कमी मात्रा, थोडे आठवडे, आणि पुढची तारीख ठरवून.

मग झोपेचं करायचं काय? निद्रानाशावर सगळ्यात आधी औषध नाही, तर झोपेच्या सवयी बदलणारा उपचार द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सर्व प्रौढांसाठी सांगितलं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला सीबीटी-आय म्हणतात. मी पेशंटला 'झोपेची घडी बसवणं' म्हणते. दोन आठवडे वही ठेवायची. किती वाजता पडलात, कधी डोळा लागला, कधी उठलात. मग अंथरुणातला वेळ झोपेच्या वेळाइतका आणायचा. साडेपाच तास झोप होत असेल तर साडेपाच-सहा तासच अंथरूण, उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं, मंद उजेडात बसायचं, पुन्हा पेंग आली की आडवं व्हायचं. पहिले दोन आठवडे कठीण जातात. गोळीसारखा पहिल्याच रात्री गुण येत नाही. पण जो येतो तो टिकतो.

आपल्या घरांत हे करायला अडचणी आहेत, आणि त्या पुस्तकात नसतात. एका खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे रात्री दोनला उठून आजीनं बसायचं कुठे? एका आजींना आम्ही देव्हाऱ्यापाशी चटई ठेवली, समईच्या जागी छोटा पिवळा दिवा. दुसऱ्यांना गॅलरीत खुर्ची. आणि सर्वांत मोठी गडबड संध्याकाळची असते. मालिका संपली की नऊला म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण घालून देतात. सत्तरीतल्या माणसाची झोप साधारण सहा तासांची असते. नऊला डोळा लागला तर तीनला जाग येणारच. त्या माणसाची झोप उडालेली नसते, ती पुरी झालेली असते. त्याला गोळी कशासाठी? त्याला अकरापर्यंत कुणीतरी सोबत हवी, गप्पा हव्यात.

ज्यांची गोळी आधीच चालू आहे, त्यांनी ती एका रात्रीत सोडू नये. डॉक्टरांकडे पट्टी घेऊन जा, पूर्ण, न कापलेली. दोनच प्रश्न विचारा, जे अण्णा विचारायचे. कशासाठी, आणि किती दिवस. भास, उन्माद, नैराश्य यांच्यासाठी दिली असेल तर ते तसं सांगतील, आणि ती गोळी नेमानं घ्या. नुसत्या झोपेसाठी असेल तर कमी करत बंद करता येते का, ते विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. मला यायचा, तेव्हा मी नवी होते.

आईची गोळी मी सहा आठवड्यांत कमी केली. पंचवीसची अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी, मग बंद. तिला मी एक शाळेची दुरेघी वही दिली. मनगटाला प्लास्टर होतं उजव्या, म्हणून पहिली पानं डाव्या हातानं लिहिलेली आहेत, अक्षर लहान मुलासारखं. वही मी आज सोबत आणली आहे. पहिल्या आठवड्यातलं एक पान: '१ ला जाग. ३ पर्यंत जागी. रामरक्षा दोनदा झाली. चहा.' चौथ्या आठवड्यातलं: '११ ते २. नंतर नाही. पाऊस होता.' प्लास्टर निघाल्यानंतरचं, उजव्या हाताचं, तिच्या नेहमीच्या वळणाचं: 'काल ११ ते ४. मध्ये एकदा उठले, दिवा लावून गेले. गोळी नाही. हिला उठवलं नाही.'